आजींनी न बोललेलं एक वाक्य

“ये क्लिप गाँव में नहीं जाएगी,” सक्सेना सर म्हणाले आणि खुर्ची मागे ढकलून उभे राहिले.

मी एडिटिंगच्या कॉम्प्युटरवर बसले होते. पडद्यावर भाऊंच्या आई होत्या, आम्ही त्यांना आजी म्हणायचो. क्वार्टरच्या ओसरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या, डोक्यावर पदर, हात मांडीवर. मला वाटलं आवाजात खरखर आली असेल, म्हणून मी क्लिप मागे नेऊन पुन्हा चालवली. सर म्हणाले, आवाज ठीक आहे, भाषा ठीक नाही.

मी तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. स्वतःला व्हिडिओ एडिटर म्हणवून घ्यायला मला अजूनही संकोच वाटतो. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. बाबा भिलाईजवळ कुम्हारीच्या एका छोट्या कारखान्यात आहेत. तिथल्याच एका दुकानात मी लग्नाचे व्हिडिओ कापायला शिकले, म्हणजे लांबच लांब लग्न पाहुण्यांना बघवेल एवढं छोटं करायला. त्याच दुकानातून मला प्रचाराच्या ऑफिसात बोलावलं. माझं सगळं शिक्षण हिंदीतून झालं. मराठी घरापुरती. पण ही गोष्ट ज्यांची आहे त्यांच्याशी मी मराठीतच बोलले, म्हणून मराठीतच लिहिते. कुठे अडखळले तर समजून घ्यावं.

भाऊ म्हणजे आमचे विधायक. महाराष्ट्रात आमदार म्हणतात, इथे छत्तीसगढमध्ये विधायक. नाव मनोहर, पण मराठी माणसं त्यांना भाऊ म्हणायची आणि बाकी सगळे भैया. त्यांचे वडील भंडाऱ्याकडची शेती सोडून इथल्या स्टील प्लांटमध्ये लागले होते. भाऊ आधी वॉर्डाचे पार्षद झाले, म्हणजे नगरसेवक. मग विधायक झाले. मग पुन्हा झाले. नळाला पाणी, तुंबलेली नाली, कोणाला दवाखान्यात खाट, हीच त्यांची कामं, आणि ती ते मन लावून करायचे. त्या वर्षी पक्षाने त्यांना लोकसभेचं तिकीट दिलं.

विधानसभेत त्यांचा भाग सगळा शहराचा होता. भिलाईत तुम्ही मूळचे कुठले हे कोणी विचारत नाही, कारण अर्धं शहर कुठून ना कुठून आलेलं आहे. लोकसभेच्या मतदारसंघात मात्र गावं होती, खूप गावं. आणि गावांत एक शब्द फिरायला लागला होता, परदेसिया. म्हणजे बाहेरचा. भाऊंचा जन्म इथला, छत्तीसगढी ते आमच्यापेक्षा चांगली बोलायचे, तरी तो शब्द त्यांच्या आधी गावात पोचायचा. तो पुसायचा, हे सक्सेना सरांचं काम होतं. सर दिल्लीच्या एका एजन्सीकडून आले होते. वैशाली नगरमध्ये एका भाड्याच्या घरात आमचं ऑफिस होतं आणि तिथे सरांचा शब्द शेवटचा असायचा.

आईचा व्हिडिओ करायचा ही कल्पना सरांची. आई मुलाला आशीर्वाद देते आणि गावाच्या हवाली करते, एवढंच. शूटिंगला मी गेले होते. आजींना काय बोलायचं ते सरांनी हिंदीत समजावून सांगितलं. आजींनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि कॅमेरा चालू झाल्यावर त्यांना जे बोलायचं होतं ते बोलल्या.

“हा लहानपणी लय रडे. मी याले पाठीशी बांधून कामाले जाओ. आता तुमच्या कामाचा झाला असन तं घेऊन जा. पन जेवाच्या टायमाले घरी पाठवत जा. याले भूक सहन नाई होत.”

कॅमेऱ्यामागे आम्ही सगळे हसलो. भाऊ पण हसले. मला तेव्हा वाटलं की व्हिडिओ झाला, आता फक्त कापायचा आहे.

सरांनी ठरवलं की डबिंग करायचं. डबिंग म्हणजे चित्र तेच ठेवायचं, मूळ आवाजाचा ट्रॅक बंद करायचा आणि त्या जागी दुसऱ्या माणसाचा आवाज बसवायचा. नवं वाक्य सरांनी लिहिलं आणि ऑफिसातल्या एकाने त्याचं छत्तीसगढी केलं. शेवटची ओळ अशी होती, “अब ये मोर बेटा नोहय, तुंहर बेटा आय.” म्हणजे, आता हा माझा मुलगा नाही, तुमचा मुलगा आहे.

आवाजासाठी म्हाताऱ्या बाईचा गळा हवा होता. कुम्हारीला आमच्या शेजारी गंगा काकी राहतात, छत्तीसगढच्याच. त्यांनी दुपारी येऊन बोलून दिलं. त्यांचा आवाज भरदार आहे आणि त्या खरंच मनापासून बोलल्या. बोलून झाल्यावर त्यांनी मला विचारलं की या बाईंना बोलता येत नाही का. मी म्हणाले, येतं.

पुढचं काम माझं. ओठांची हालचाल आणि आवाज जुळवायचा, त्याला लिप सिंक म्हणतात. आजींचे दात फारसे उरलेले नाहीत, त्यामुळे ओठ आत जातात आणि शब्द नेमका कुठे सुरू होतो ते कळत नाही. हे माझ्या फायद्याचं होतं. जिथे अजिबात जुळेना तिथे मी आजींच्या हातांचं चित्र टाकलं. अशा मध्ये टाकलेल्या चित्राला कट-अवे म्हणतात. बघणाऱ्याचं लक्ष हातांकडे जातं आणि ओठांची चूक लपते. शेवटच्या ओळीला मात्र सर म्हणाले की चेहराच हवा, जवळून. ती ओळ मी फ्रेम फ्रेम पुढेमागे करून बसवली. काम चांगलं झालं होतं. मी खोटं लिहिणार नाही, मला तेव्हा आनंदच झाला होता.

भाऊंनी तो व्हिडिओ ऑफिसात उभ्याउभ्याच बघितला. संपल्यावर म्हणाले, “आईनं पायला तं हसन.” आणि सरांना हिंदीत म्हणाले, चला दो.

व्हिडिओ चालला. खूप चालला. गावागावांतल्या वॉट्सअॅप ग्रुपवर तो फिरला. भाऊ प्रचाराला गेले की बायका विचारायच्या, दाईला का नाही आणलं. छत्तीसगढीत आईला दाई म्हणतात. परदेसिया हा शब्द कमी ऐकू यायला लागला. सर खूश होते. मला पण सगळ्यांसमोर शाबासकी मिळाली.

मग एके दिवशी सेक्टर दहाहून निरोप आला की आजींनी त्या व्हिडिओवाल्या पोरीला बोलावलंय.

सेक्टर दहामधलं ते क्वार्टर भाऊंच्या वडिलांनी लीजवर घेतलेलं. विधायक झाल्यावरही भाऊ तिथेच राहिले. पुढच्या ओसरीत आजींची खुर्ची असायची. भाऊंकडे काम घेऊन येणाऱ्या बायका आधी तिथे बसायच्या. आजी त्यांच्या मराठीत बोलायच्या, बायका छत्तीसगढीत, तेलुगूत, भोजपुरीत, आणि कोणाचं काही अडत नसे. त्या दिवशी ओसरीत कोणी नव्हतं. आजी आत पलंगावर बसल्या होत्या. शेजारच्या सुनेने त्यांना मोबाईलवर व्हिडिओ दाखवला होता.

“हे कोन बोलून राहिली?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं की आमच्या शेजारच्या काकी आहेत, गावातल्या लोकांना कळावं म्हणून असं करतात. मला वाटलं होतं त्या भाषेवरून नाराज असतील. त्या म्हणाल्या, भाषेचं मला काही नाही, ती मला तुझ्यापेक्षा चांगली समजते.

“पन हा माहा नाई असं मी कावून म्हनन?” त्या म्हणाल्या. “पोरी, तुले माहीत नाई. याले मी वापस घेतला आहे.”

मग त्यांनी जे सांगितलं ते मी जसं समजले तसं लिहिते.

भाऊंच्या आधी त्यांना दोन मुलगे झाले होते. दोघंही पाळण्यातच गेले. तेव्हा ते कॅम्पात राहायचे, मजुरांच्या वस्तीत. तिसरा मुलगा झाला तेव्हा शेजारच्या सोनबतीने, ती छत्तीसगढची, त्याला सुपात घालून आपल्या घरी नेलं. आमच्याकडेही ही रीत ऐकून माहीत असते. ज्या घरात मुलं जगत नाहीत, तिथलं मूल दुसरीला देऊन टाकायचं, म्हणजे मृत्यूला वाटतं की हे या घरचं नाहीच. मग आईने जाऊन, मूठभर कोंडा देऊन ते विकत घ्यायचं. सोनबतीच्या दारात उभं राहून आजींनी कोंडा दिला आणि मूल घेतलं. सोनबती मरेपर्यंत भाऊंना बिसाहू म्हणायची. बिसाहू म्हणजे विकत घेतलेला. छत्तीसगढच्या गावात या नावाची माणसं आजही भेटतात.

आणि सोनबतीने तेव्हा एक गोष्ट बजावली होती. एकदा परत घेतलेल्या लेकराला पुन्हा ‘माझं नाही’ म्हणायचं नाही. रागाने नाही, थट्टेने पण नाही.

“याचा बाप याच्यावर ओरडे, माहा पोरगा नाईच तू म्हने,” आजी म्हणाल्या. “मी कदी नाई म्हनलं. परीक्षेत नापास झाला तवा नाई, युनियनच्या भानगडीत जेलात गेलता तवाबी नाई.”

त्यांनी माझा हात धरला. “ते येवढं वाक्य काढून टाक. बाकी राहू दे. त्या बाईचा आवाजबी राहू दे.”

मी म्हणाले, विचारते. कामाला लागून मला फार दिवस झाले नव्हते आणि माझ्या हातात काय आहे आणि काय नाही हे मला नीट कळत नव्हतं.

संध्याकाळी मी सरांना सगळं सांगितलं. सुपाची गोष्ट पण सांगितली. मला वाटत होतं की हीच गोष्ट गावात सांगितली तर परदेसिया म्हणणाऱ्यांना आणखी काय उत्तर हवं, भाऊंना तर छत्तीसगढच्या बाईने सुपात घेतलं होतं. पण हे मी अडखळत सांगितलं असणार. सर मोबाईलवर काहीतरी वाचत होते. ते म्हणाले की अंधश्रद्धेवर बोलायला लागलो तर वेगळाच वाद सुरू होईल, आणि जे चालतंय त्याला हात लावायचा नसतो.

“वो लाइन ही तो वीडियो है,” ते म्हणाले. “उसे निकाल दोगी तो बचेगा क्या?”

मी भाऊंकडे गेले. ते गाडीत बसून दोन सभांच्या मध्ये पोळीभाजी खात होते. त्यांना सुपाची गोष्ट माहीत होती, पण सोनबतीने काय बजावलं होतं ते माहीत नव्हतं. त्यांनी घास खाली ठेवला.

“तिनं तुले बोलावून सांगतलं?”

“हो.”

“मले नाई सांगतलं,” ते म्हणाले. मग डबा बाजूला करत, “इलेक्शन होऊ दे बेटा. मंग काढून टाकू. मी समजावतो तिले.”

त्यांनी समजावलं की नाही ते मला माहीत नाही. पण पुढच्या आठवड्यात आजी सभेला आल्या. गावांतून इतकी मागणी होती की सरांनीच गाडी पाठवली. निघताना सरांनी त्यांना हात जोडून सांगितलं की माँजी, आपको बस बैठना है. बोलायचं नाही. बोललं तर आवाज वेगळा निघेल आणि लोकांना कळेल. आजींनी मान हलवली. शूटिंगच्या दिवशी हलवली होती तशीच, म्हणून मला धाकधूक वाटत होती.

गाव हायवेपासून बरंच आत होतं. शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. एप्रिलचं ऊन, दुपारची वेळ. मी शूटिंग करत होते, त्यामुळे स्टेजच्या अगदी खाली उभी होते. भाऊंचं भाषण झालं. चांगलं झालं. मग बायकांच्या बाजूने आवाज सुरू झाले. आधी थोडे, मग सगळ्याच.

“दाई, कुछु गोठिया ना.” आई, काहीतरी बोल ना.

आजींनी भाऊंकडे बघितलं. मग त्या उठल्या. कोणाचा आधार न घेता उठल्या आणि माइककडे गेल्या. मला कॅमेऱ्यातून त्यांचा चेहरा दिसत होता. त्यांना काय बोलायचंय हे त्या मांडवात फक्त मला आणि भाऊंना कळत होतं. एकच वाक्य, हा माझा आहे. जिथे ते दुसरं वाक्य गेलं होतं तिथेच, त्याच लोकांसमोर, त्यांना ते परत घ्यायचं होतं.

भाऊंनी माइकवर हात ठेवला. जोरात नाही. दुसरा हात त्यांनी आजींच्या खांद्यावर ठेवला आणि लोकांना म्हणाले, “दाई के गला बइठ गे हे.” आईचा घसा बसलाय.

लोक हळहळले. आजी तिथेच उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं असतं तर त्या ओरडूनही बोलू शकल्या असत्या, पटांगण लहान होतं. पण मुलाने चारचौघांत सांगितलं होतं की घसा बसलाय. त्याला खोटं कसं पाडायचं. त्यांनी हात जोडले आणि जाऊन बसल्या.

सभा संपल्यावर बायका त्यांच्याभोवती जमल्या. एकीने त्यांच्या पायाशी बसून सांगितलं की तिचा मुलगा मागच्या वर्षी गेला आणि व्हिडिओतली ती ओळ ऐकून ती खूप रडली होती. आई असूनही तू तुझा मुलगा आम्हाला दिलास, असं काहीतरी ती म्हणाली. आजी तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. ओसरीत त्या अशा बाईशी तासभर बोलल्या असत्या. इथे ओठ मिटून बसल्या. दुसऱ्या एकीने घरून लवंगा आणून त्यांच्या हातावर ठेवल्या, घशासाठी. आजींनी एक लवंग तोंडात टाकली आणि चघळत बसल्या. परतीच्या गाडीत भाऊ पुढच्या सीटवर होते. त्यांनी दोनदा मागे वळून बघितलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत भाऊ एका रॅलीत कोसळले. लू लागली होती, म्हणजे उष्माघात. उघड्या जीपवर उभं राहून, पोटात काही नसताना. त्यांना दवाखान्यात आणलं. ऑफिसातले सगळे तिकडे धावले, मीही गेले. डॉक्टरांनी सांगितलं की धोका टळलाय, पण आराम लागेल. सर फोनवर पुढच्या सभा बदलत होते.

आजी बाकावर एका कोपऱ्यात होत्या. मी त्यांच्याशेजारी बसले. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, “काढलं का ते?”

मी नाही म्हणाले.

“आता तरी काढ.”

भाऊंच्या सोशल मीडियावरच्या पेजचा पासवर्ड माझ्याकडे होता. मी सरांना विचारलं नाही. तिथेच बसून मी तो व्हिडिओ पेजवरून काढून टाकला आणि आजींना दाखवलं की बघा, इथे होता, आता नाही. त्यांनी मोबाईल हातात घेऊन बराच वेळ बघितला. मग म्हणाल्या की शेजारच्या सुनेच्या मोबाईलमध्ये?

मला खरं सांगावं लागलं. जो व्हिडिओ आपण पेजवर टाकतो तो आपण काढू शकतो. पण जो लोकांनी एकमेकांना पाठवला, तो ज्याच्या त्याच्या मोबाईलमध्ये बसलेला असतो. तो कोणालाच काढता येत नाही. ना मला, ना सरांना.

“मंग जे गेलं ते वापस नाई येत,” आजी म्हणाल्या. त्या विचारत नव्हत्या.

व्हिडिओ काढल्याचं सरांना दुसऱ्या दिवशी कळलं. मला वाटलं होतं कामावरून काढून टाकतील. ते एवढंच म्हणाले की आता काय फरक पडतो, हर घर में तो है.

निकालाच्या दिवशी भाऊ हरले. थोडक्यात नाही, चांगल्या मोठ्या फरकाने. शहरात हरले, गावात हरले. ज्या गावात आजी गेल्या होत्या तिथेही हरले. सरांनी जाण्याआधी आम्हाला बसवून कारणं समजावली. हवा दुसऱ्या बाजूची होती, उमेदवार कोणीही असता तरी हेच झालं असतं. मी हिंमत करून विचारलं की आईच्या व्हिडिओचा काही उपयोग झाला का. ते म्हणाले की बहुतेक नाही. ना फायदा, ना नुकसान. अगदी सरळ बोलले ते, आणि मला वाटतं ते खरंच होतं. ते वाक्य गेलं नसतं तरी भाऊ हरलेच असते, आणि माइकवर त्या एक वाक्य बोलल्या असत्या तरी हरलेच असते.

काही दिवसांनी मी सेक्टर दहाला गेले. भाऊंची तब्येत विचारायला, असं मी घरी सांगितलं होतं. भाऊ दिवाणावर पडले होते. खूप वाळले होते. विधायकी त्यांची शाबूत होती, पण बाहेर पूर्वीसारखी गर्दी नव्हती. आजी पलंगावर लसूण सोलत होत्या. ओसरीतली त्यांची खुर्ची आत आणून भिंतीला लावली होती.

मी बसल्यावर भाऊ म्हणाले, “तूच सांग बेटा हिले. ही म्हनते हिच्यामुळं झालं सारं. मी पडलो ते, हारलो ते.”

आजी लसूण सोलत राहिल्या.

“आई, ते तू बोल्लीच नाई,” भाऊ म्हणाले. “दुसरी बाई होती. या पोरीनं तिचा आवाज लावला. विचार ना तिले.”

मी म्हणाले, हो आजी. तुम्ही ते बोललाच नाहीत. तुम्ही तर म्हणाला होता की जेवायला घरी पाठवा.

“ते कोनं आयकलं,” आजी म्हणाल्या. “लोकायनं पायलं ते माहंच तोंड होतं ना. हालत होतं ना ते.”

भाऊ उठून बसले. त्यांना चक्कर आली असावी, त्यांनी भिंतीला हात लावला. मग आईच्या जवळ जाऊन, खाली जमिनीवर बसले.

“मंग आता म्हन,” ते म्हणाले. “हा माहा आहे म्हून. म्हन.”

आजींनी त्यांच्याकडे बघितलं. मी काय विचार केला माहीत नाही. मला वाटलं, हे एकदा रेकॉर्ड करावं, पेजवर टाकावं, जिथे ते गेलं तिथे हे पण जाऊ दे. मी मोबाईल काढला आणि म्हणाले की आजी, बोला, मी सगळ्यांना पाठवते.

मोबाईल वर झाल्याबरोबर आजींनी पदर ओढून तोंडावर घेतला आणि घट्ट धरून ठेवला.

मी मोबाईल बंद करून पिशवीत टाकला. पदर खाली आला नाही. भाऊ म्हणाले, राहू दे, आणि मी निघाले.

पुढे पक्षात भाऊंच्या लोकसभेची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही. ते त्यांचं विधायकाचं काम करतात. मी मागच्या वर्षी बी.कॉम. पूर्ण केलं आणि आता हेच काम करते. लग्नं, दुकानांच्या जाहिराती, आणि निवडणूक आली की प्रचार. डबिंगची कामं खूप येतात आणि मी ती घेते. फक्त जवळून दिसणाऱ्या चेहऱ्यावर मी दुसऱ्याचा आवाज बसवत नाही. तेवढ्या जागी हात टाकते, रस्ता टाकते, नाहीतर आभाळ. क्लायंट विचारतात की चेहरा का नाही दाखवत. मी सांगते, लिप सिंक जमत नाही.